जंगल सर्वांचे, मग वाहनतळावर पास कशाचा?

पायवाट (धाग्याची सुरुवात)

अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांमध्ये कॅम्पग्राउंड (तंबू टाकून राहायची जागा), तळ्याकाठची सहलीची जागा किंवा पायवाटेच्या तोंडाशी असलेला वाहनतळ वापरण्यासाठी जे शुल्क भरावे लागते आणि जे निरनिराळे पास घ्यावे लागतात, त्यांविषयी हा धागा आहे. माझे मत आधीच सांगतो. सार्वजनिक जमिनीवर पाऊल ठेवण्यासाठी पैसे घेणे चूक आहे, आणि त्याला दिलेले ‘सुविधा शुल्क’ हे नाव पुष्कळ ठिकाणी खरे नसते.

मागच्या महिन्यात आम्ही वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वतरांगेतल्या एका तळ्याकडे निघालो होतो. वाहनतळाच्या कडेला पैसे टाकायची लोखंडी पेटी होती, शेजारी लखोट्यांचा खण आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. लखोट्यावर गाडीचा क्रमांक लिहायचा, आत ५ डॉलर घालायचे, वरची पट्टी फाडून काचेमागे ठेवायची आणि लखोटा फटीतून आत सोडायचा, अशी तिथली रीत. त्या दिवशी लखोट्यांचा खण रिकामा होता आणि शौचालयाला कुलूप होते. आमच्या मागोमाग एक आजोबा दोन नातवंडांना घेऊन आले. त्यांच्या गाडीतल्या आरशाला राज्याचा डिस्कव्हर पास लटकत होता. तो राज्याच्या उद्यानांत आणि राज्याच्या वनजमिनीवर चालतो. राष्ट्रीय वनात मात्र ३० डॉलरचा नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास किंवा देशव्यापी वार्षिक पास (अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलर) लागतो. आजोबांनी फलक दोनदा वाचला, मुलांना पुन्हा गाडीत बसवले आणि ते परत गेले. त्यांच्याजवळ एक पास होता, म्हणजे पैसे भरायची त्यांची तयारी होती. त्यांनी फक्त चुकीच्या खात्याकडे भरले होते. रस्ता तोच, झाडी तीच, आणि कुठली जमीन राज्याची व कुठली देशाची हे त्या मुलांना कोण समजावणार?

राष्ट्रीय वनांची जमीन सुमारे १९.३ कोटी एकर आहे आणि ती करदात्यांची आहे. १९९६ साली शुल्काचा कार्यक्रम प्रायोगिक म्हणून सुरू झाला, २००४ साली त्याचा कायदा झाला, तोही दहा वर्षांपुरता, आणि ती मुदत संपल्यापासून संसद ती पुनःपुन्हा वाढवत आली आहे. प्रयोग म्हणून आणलेली गोष्ट अशी वहिवाट होऊन बसली आहे, याला माझा विरोध आहे.

कुदळफावडे

त्या आजोबांचे वाईट वाटते, पण त्यावरून शुल्कच चूक ठरत नाही. मी काही वर्षांपासून पायवाटांच्या दुरुस्तीला स्वयंसेवक म्हणून जातो, त्यामुळे कुलूपबंद शौचालयाची दुसरी बाजू मी पाहिली आहे.

डोंगरातल्या त्या शौचालयाला नळ नसतो आणि मलवाहिनीही नसते. खाली काँक्रीटची बंद टाकी असते. ती भरली की मैला उपसणारा टँकर खडीच्या रस्त्याने वर आणावा लागतो. लोक त्या टाकीत बाटल्या, डबे, लहान मुलांचे डायपर टाकतात. उपसताना ते पंपाच्या नळीत अडकतात, आणि मग एक माणूस लांब दांड्याला लावलेला आकडा घेऊन त्या भोकातून वाकून एकेक वस्तू वर ओढतो. हे मी चार पावलांवर उभा राहून पाहिले आहे. त्या माणसाची मजुरी, टँकरचे भाडे आणि कागदाची रिळे यांचे पैसे कुठून तरी यायलाच हवेत.

‘करातून येऊ द्या’ हे उत्तर सोपे वाटते, पण करातून काय झाले ते पाहा. १९९५ साली फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ही वने सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, अंदाजपत्रकातला १६ टक्के पैसा वणव्यांवर जात होता. २०१५ साली हा वाटा प्रथमच निम्म्याहून अधिक झाला. वणवा विझवणे टाळता येत नाही, शौचालय बंद ठेवता येते, म्हणून कात्री शौचालयाला लागली. वणव्यांसाठी वेगळी तरतूद पुढे २०१८ च्या कायद्याने झाली, पण मधल्या काळात साचलेली दुरुस्ती अजून संपलेली नाही. याउलट २००४ च्या कायद्यात शुल्काचा साधारण ८० टक्के पैसा जिथे गोळा झाला तिथेच खर्च करायचा असे आहे. राजधानीत अंदाजपत्रक अडले तरी त्या पेटीतले पैसे त्याच डोंगरावर राहतात. वर्षाचे ३० डॉलर म्हणजे महिन्याला अडीच डॉलर. तेवढ्यात अख्ख्या गाडीतली माणसे वर्षभर फिरतात, हे मला जड वाटत नाही.

कलमदान

दोघेही ज्या कायद्याचे नाव घेत आहेत त्यात नेमके काय आहे ते मांडतो, कारण वादाचे मूळ तिथेच आहे.

दिवसाच्या वापरासाठी शुल्क घ्यायचे असेल तर त्या जागी सहा गोष्टी असाव्या लागतात : आखलेला आणि बांधलेला वाहनतळ, कायमस्वरूपी शौचालय, कायमस्वरूपी कचरापेटी, माहितीफलक, सहलीची बाके आणि सुरक्षेची व्यवस्था. नुसती गाडी उभी केल्याबद्दल, रस्त्याकडेला बसून डबा खाल्ल्याबद्दल, निसर्गदर्शनाच्या थांब्याबद्दल, किंवा सुविधा न वापरता चालत, घोड्यावरून वा होडीतून त्या जमिनीतून गेल्याबद्दल शुल्क घ्यायला हाच कायदा मनाई करतो. अॅरिझोनातल्या माउंट लेमन या डोंगरावरच्या शुल्काविरुद्ध काही नागरिक न्यायालयात गेले होते. २०१२ साली नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या, केंद्रीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि गाडी लावून सुविधांना हात न लावता चालायला जाणाऱ्याकडून पैसे घेता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया ही राज्येही त्याच न्यायालयाच्या कक्षेत येतात.

म्हणून ‘पाऊल ठेवण्याचे पैसे’ हे पायवाट यांचे वर्णन कायद्याला धरून नाही. मात्र ‘वापरणाऱ्याने पैसे द्यावेत’ हे कुदळफावडे यांचे तत्त्व व्यवहारात पाळले जाते असेही म्हणता येत नाही, कारण तपासायला येणारा कर्मचारी गाडीची काच पाहतो. त्या गाडीतला माणूस बाकावर बसला की सरळ डोंगर चढून गेला, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

पायवाट

कलमदान, नेमका हाच माझा मुद्दा आहे, आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा नीट मांडलात. हक्क कायद्यात आहे आणि फलकावर नाही. ‘सुविधा वापरणार नसाल तर शुल्क लागू नाही’ असे वाक्य मी एकाही वाहनतळावर वाचलेले नाही. ज्याला न्यायालयाचा निकाल ठाऊक आहे आणि दंडाची चिठ्ठी आली तर भांडायला सवड आहे, त्याच्यासाठी ते जंगल खुले राहते. ज्याला इंग्रजी फलक कष्टाने वाचावा लागतो, तो गाडी वळवून जातो. शिवाय सहा सुविधांपैकी एकीला कुलूप असेल तर त्या दिवशी शुल्क का घ्यावे? लखोटे संपले, शौचालय बंद पडले, तर पेटीच्या फटीवरही झाकण लावावे आणि ‘आज शुल्क नाही’ अशी पाटी अडकवावी. मला एवढे जरी झाले तरी खूप वाटेल.

तंबूवाली

वाहनतळावरच्या ५ डॉलरवर एवढी चर्चा होते आणि कॅम्पग्राउंडचा प्रश्न मागे राहतो, म्हणून मी वेगळी तक्रार मांडते. दर जास्त आहेत असे मला वाटत नाही. उलट जो जागा अडवून ठेवतो आणि येत नाही, त्याला ती फारच स्वस्त पडते.

पुष्कळशा कॅम्पग्राउंडचे आरक्षण सहा महिने आधी उघडते. तळ्याकाठच्या चांगल्या जागा पहिल्या काही मिनिटांत जातात. आम्ही गेल्या उन्हाळ्यात एका तळ्यावर कशीबशी आतल्या बाजूची जागा मिळवली. शुक्रवारी संध्याकाळी काठाने फेरी मारली, तर पाण्याला लागून असलेल्या ओळीत चार खांबांवर आरक्षणाच्या चिठ्ठ्या होत्या आणि खाली चूल थंड, बाक कोरडे, एकही तंबू नाही. रविवारपर्यंत तिथे कोणी फिरकले नाही. फाटकाशी मात्र जागा नाही म्हणून गाड्या परत जात होत्या. आरक्षणाचे ८ डॉलर परत मिळत नाहीत हे खरे, पण ज्याला तेवढ्याची तमा नाही तो तीन आठवड्यांच्या तीन जागा घेऊन ठेवतो आणि हवा बघून ठरवतो. अशा माणसाला पुढच्या वर्षी आरक्षण उशिरा उघडावे, आणि निदान एक तृतीयांश जागा आरक्षणाबाहेर, येईल त्याला देण्यासाठी ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक. बरीच कॅम्पग्राउंड खासगी ठेकेदार चालवतात आणि ती व्यवस्था १९५० च्या एका जुन्या कायद्यावर उभी आहे. तिथल्या पावतीला कुदळफावडे सांगतात तो ८० टक्क्यांचा नियम लागू होत नाही. दोन्हीकडची पावती सारखीच दिसते, म्हणून ‘पैसे त्याच डोंगरावर राहतात’ हे वाक्य प्रत्येक ठिकाणी खरे धरू नये.

पाहुणचार

ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा देशव्यापी पास असतो, त्याबद्दल एक माहिती. तो ६२ वर्षांपुढच्या अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो, त्यामुळे भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांच्या नावे काढता येत नाही. जिथे शुल्क गाडीमागे असते तिथे आपल्या पासावर ते आपल्यासोबत येऊ शकतात. हा आजीवन पास ऑगस्ट २०१७ पर्यंत १० डॉलरला होता, तो त्यानंतर ८० डॉलरचा झाला. एका झटक्यात आठपट वाढ ही कुणाच्याही हिशेबाने योग्य नव्हती, असे मला वाटते.

कुदळफावडे

तंबूवाली, ठेकेदारांबद्दलचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. माझे विधान मी सरकारी पेट्यांपुरते मर्यादित करतो. येईल त्याला जागा ठेवण्याच्या सूचनेलाही माझा पाठिंबा आहे, फक्त शुक्रवारी तीन तास गाडी चालवूनही जागा न मिळण्याची कुटुंबांची तयारी त्यात धरावी लागेल.

परवडण्याबद्दल काही दारे उघडी आहेत, आणि ती माहीत नसल्यामुळे लोक माघारी जातात. चौथीतल्या मुलाला वर्षभराचा मोफत पास मिळतो आणि त्यावर गाडीतले सगळे जातात. कायमचे अपंगत्व असलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना पास मोफत आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांचे प्रवेश किंवा दिवसाचे शुल्क घेतले जात नाही. वॉशिंग्टनमधली अनेक ग्रंथालये डिस्कव्हर पास पुस्तकासारखा घरी नेऊ देतात. राष्ट्रीय वनाचा पासही तसा मिळावा यासाठी मी आनंदाने खटपट करीन.

पायवाट यांच्या झाकणाच्या सूचनेशी मात्र मी सहमत नाही. टाकी भरली म्हणून कुलूप लागते, आणि टँकर बोलवायला त्याच पेटीतले पैसे लागतात. कुलूप लागल्याबरोबर पेटी बंद केली, तर कुलूप निघायला आणखी उशीर होईल. बाके, कचरापेटी आणि वाहनतळ त्या दिवशीही वापरात असतातच.

पायवाट

टँकरचा हिशेब मला पटतो, आणि ‘पाऊल ठेवण्याचे पैसे’ हे शब्द मी मागे घेतो. पण बंद शौचालयासाठी घेतलेले पैसे उद्याच्या उघड्या शौचालयासाठी आहेत, हे पैसे देणाऱ्याला सांगितले पाहिजे. पेटीवर एक कागद लावावा : गेल्या वर्षी इथे किती जमले, त्यातून टाकी किती वेळा उपसली, टँकर पुढे कधी येणार आहे. त्याच कागदाच्या वरच्या भागात, ठळक अक्षरांत, इथे कोणता पास चालतो, कोणता चालत नाही, आणि सुविधा न वापरता चालत जाणाऱ्याला काही भरावे लागत नाही, हे लिहावे. या मजकुराचे पत्र मी त्या भागाच्या वन कार्यालयाला पाठवत आहे. कलमदान, कायद्याचे वाक्य तेवढे तुम्ही नीट लिहून द्याल का?

कलमदान

देतो. ‘सुविधा’ या शब्दापुढे सहाही नावे लिहा, म्हणजे पायवाट त्यांत नाही हे वाचणाऱ्याला आपोआप दिसेल.