ठासणीच्या रायफलीला गोळी कोणत्या मापाची घ्यावी: घट्ट की किंचित लहान?

शाहूपुरी (धागा सुरू करणारा)

आमच्या घरी आजोबांच्या काळापासून परवान्यावर असलेली एक विलायती ठासणीची रायफल आहे. तिच्या नळीवर ३८ हा आकडा ठोकलेला पाहून एका जाणकारांनी ती ‘पॉइंट अडतीस’ची असल्याचे सांगितले आणि त्या मापाची गोळी रिकाम्या नळीत सोडली, तेव्हा ती खुळखुळत थेट तळाशी गेली. असे होणारच होते, कारण हा आकडा इंचाचा नसून, एक पौंड शिशाच्या किती सारख्या गोळ्या केल्या म्हणजे त्या नळीच्या मापाच्या होतील हे तो सांगतो. आपण नेहमी म्हणतो ते ‘बारा बोर’ही याच हिशेबाचे आहे : पौंडाला १२ गोळ्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३७.८ ग्रॅम. ३८ च्या हिशेबाने नळी ०.४९७ इंचाच्या आसपास येते. मी परवानाधारक कारागिराकडून मागचा बूच काढून घेतला, नळी रिकामी असल्याची खात्री केली, मऊ शिशाची गोळी तिच्यातून आरपार नेली आणि मगच त्या गोळीवर उमटलेल्या ठशांवरून माप घेतले. (रायफलीच्या नळीत आतून गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचा असतात, दोन खाचांमधला भाग म्हणजे उंचवटा.) समोरासमोरच्या उंचवट्यांमध्ये १२.७० मिमी आणि खाचांच्या तळाशी १३.२० मिमी भरले.

माझे मत स्पष्ट आहे. अचूक नेम हवा असेल तर गोळी नळीपेक्षा पाच थाऊच (इंचाचे पाच हजारांश) लहान, म्हणजे १२.५७ मिमीची घ्यावी आणि तिच्याभोवती ०.३८ मिमी जाडीची तेलात भिजवलेली कापडाची चिंधी गुंडाळून ती ठासावी. गोळी जितकी नळीच्या मापाजवळची, तितकी ती मध्यावर बसते.

सुभेदार, आजरा

आपण नळी मापून घेतलीत हे उत्तम केलेत, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्याच आकड्यांनी हिशेब करू या. १२.५७ च्या गोळीभोवती दोन्ही बाजूंनी ०.३८ चे कापड धरले तर १३.३३ होतात, मी सुचवतो ती किंचित लहान, १२.४५ ची गोळी आणि ०.४५ चे कापड घेतले तर १३.३५. म्हणजे खाच दोन्ही प्रकारे भरतेच. फरक पडतो तो उंचवट्यावर. आपल्या गोळीत तिथे कापडाला एका बाजूला जेमतेम ०.०६५ मिमी जागा उरते, माझ्या गोळीत ०.१२५. एवढ्या कमी जागेत कापड दबत नाही, शिसे दबते. आणि ती गोळी आत घालण्यासाठी गजावर मोगरीचे ठोके द्यावे लागले की तिचा पुढचा भाग चपटा होतो. मग ती मध्यावर बसली तरी उपयोग काय?

दुसरी गोष्ट काजळीची. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतरही घनरूपात मागे उरतो. पावसाळ्यात ती काजळी ओलसर आणि मऊ राहते, पण एप्रिलच्या कोरड्या उन्हात तिचा कडक पापुद्रा धरतो आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला घट्ट गोळी अर्ध्या नळीत अडकते. दारूवर पूर्ण न टेकलेली गोळी तशीच उडवली तर नळी फुगू किंवा फुटू शकते, म्हणून गोळी तळापर्यंत गेली की नाही हे कळण्यासाठी गजावर खूण केलीच पाहिजे. १८५३ च्या एन्फिल्ड या ब्रिटिश ठासणीच्या रायफलीची नळी ०.५७७ इंचाची होती आणि गोळी ०.५६८ ची, तीही काजळीने उतरेनाशी झाली, म्हणून पुढे ०.५५० पर्यंत लहान करण्यात आली.

टर्नर, उद्यमनगर

वादात पडण्यापूर्वी दोघांनी एक तपासावे. खाचा सात किंवा पाच असतील तर साध्या मायक्रोमीटरने खाचेचे माप खरे येत नाही, कारण खाचेसमोर खाच नसून उंचवटा असतो. त्यासाठी व्ही-ब्लॉकचा, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची बैठक असलेला मायक्रोमीटर लागतो.

शिवाय साच्यावरचे माप म्हणजे गोळीचे माप नव्हे. शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते आणि थंड होताना आकसते. अँटिमनी मिसळलेले शिसे कमी आकसते, त्यामुळे त्याच साच्यातून गोळी मोठी निघते आणि कडकही राहते. मी गोळ्या गुजरीतल्या सराफाच्या काट्यावर तोलतो. १२.४५ ची शुद्ध शिशाची गोळी सुमारे ११.४५ ग्रॅम भरली पाहिजे, १२.५७ ची ११.८० ग्रॅम. बाहेरून गुळगुळीत दिसणारी एखादी गोळी हलकी भरते, तेव्हा आत पोकळी राहिलेली असते. ती पुन्हा वितळवावी. मापाबाबत माझा कल सुभेदारसाहेबांकडे आहे.

शाहूपुरी

सुभेदारसाहेब, उन्हातल्या काजळीचा मुद्दा मी मान्य करतो आणि प्रत्येक बारानंतर ओली चिंधी फिरवणे आवश्यक समजतो. मात्र एन्फिल्डचे उदाहरण येथे लागू होत नाही. त्या लांबट गोळीचा बुडाचा भाग पोकळ होता आणि बाराच्या दाबाने फुगून तो खाचांत बसत असे. गोल गोळी तशी फुगून खाच धरत नाही, तिला फिरवण्याचे सगळे काम चिंधीवरच येते. म्हणूनच मला जाड कापडावर भिस्त ठेवणे पटत नाही. इचलकरंजीहून मी दोनदा एकाच नावाचा मांजरपाट आणला. पहिल्या ताग्याची जाडी ०.४५ भरली आणि दुसऱ्याची ०.३९. साचा असा बदलत नाही.

सुभेदार, आजरा

मग ताग्याचा दोष गोळीवर का लादावा? एक मोठा तुकडा मापून घ्या, खळ जाईपर्यंत धुवा, वाळल्यावर पुन्हा मापा आणि वर्षभर तोच वापरा. कापड मात्र निव्वळ सुती असावे, कृत्रिम धागा नळीत वितळून चिकटतो. उडालेली चिंधी रेंजवर पाच-दहा मीटर पुढे पडते, गोळीबार थांबल्यावर ती उचलून पाहा. मधोमध भोक पडून कडा जळाल्या असतील, तर कापड पातळ आहे किंवा गोळी सैल आहे. उंचवट्यांच्या जागी चिरा पडल्या असतील, तर नळीच्या तोंडाची धार बोचते आहे किंवा गोळी फार घट्ट आहे. माझी चिंधी मध्यभागी काळसर गोल, बाजूने खाचांचे फिकट पट्टे आणि कडेला शाबूत अशी मिळते. आपण आपल्या १२.५७ च्या पाच चिंध्या जपून ठेवा आणि त्यांचे छायाचित्र येथे द्या.