गणिताला कर्करोगाच्या मापाने मोजू नका

इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो, तो आकडा) जास्त तर जर्नल मोठं, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. एकाच विषयात हे काही अंशी चालेल, विषय बदलला की हिशेब फसतो. 'सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स'चा आकडा २०० च्या पुढे, तर 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'चा ५ च्या आसपास. पण 'ॲनल्स'मध्ये पेपर आला तर गणितज्ञाला आभाळ ठेंगणं होतं!

इम्पॅक्ट फॅक्टर फक्त मागच्या २ वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ मोजतो. गणितात एखादी सिद्धता पचायलाच तेवढा वेळ जातो, शिवाय लेखाखालचे संदर्भही मोजकेच. वैद्यकशास्त्रात ती यादी लांबलचक. त्यात ते कर्करोगाचं जर्नल दरवर्षी रुग्णसंख्येची आकडेवारी छापतं, आणि जो तो प्रस्तावनेत तीच उद्धृत करतो.

जर्नल मोजायचा 'स्निप' हा दुसरा आकडा त्यामानाने बरा, कारण त्यात त्या विषयातल्या संदर्भांच्या प्रमाणाने आकडा भागला जातो. 'एसजेआर' या तिसऱ्या आकड्यात संदर्भ देणाऱ्या जर्नलच्या प्रतिष्ठेलाही वजन असतं, वेबपानांचा क्रम लावणाऱ्या गूगलच्या पेजरँकसारखं. पण बढतीच्या वेळी एखाद्याचा पेपर जर्नलच्या अशा कुठल्याही आकड्यावरून जोखणं मला पटत नाही. जर्नलची सरासरी बहुधा चार-दोन गाजलेल्या लेखांनीच वर ओढलेली असते.