हप्ता चालू असताना प्लॅबसाठी नोकरी सोडावी का?

प्रश्न (कल्याणकर_मुलगी): मुंबईतून एमबीबीएस, इंटर्नशिप झाली. सध्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. इंग्लंडला डॉक्टरकी करायला जायचंय, त्यासाठी प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची तिथली परीक्षा) द्यायचीय. बाबा निवृत्त, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. नोकरी सोडून तयारी करू?

लीड्सची_ताई: अगं, अजिबात सोडू नकोस! प्लॅबचा पहिला भाग म्हणजे तीन तासांत १८० प्रश्न, आणि तो मुंबईतच देता येतो. खरा खर्च दुसऱ्या भागाचा. तो फक्त मँचेस्टरला होतो. व्हिसा, विमान, राहणं, सगळं आलं. तिथे पेशंटची भूमिका करणाऱ्या माणसाशी बोलायचं असतं. आपल्या ओपीडीत बाहेर रांग लागलेली, त्यामुळे निदान सांगून मोकळं व्हायची सवय. ‘तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?’ हे विचारायचं आजपासून तुझ्या वॉर्डातच सुरू कर. मला त्याचा फार उपयोग झाला.

दादरचा_डॉक: आधी आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा. एकूण ७.५, प्रत्येक भागात किमान ७. लेखनात भलेभले अडकतात. त्याऐवजी ओईटी ही डॉक्टर-नर्सेससाठीची इंग्रजीची परीक्षाही चालते.

लीड्सची_ताई: आणि जीएमसीची (तिथल्या मेडिकल कौन्सिलची) नोंदणी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. ज्युनिअर जागांसाठी प्रचंड चढाओढ आहे. म्हणून म्हणते, पगार चालू ठेव.

कल्याणकर_मुलगी: ताई, बाबांना हे वाचून दाखवलं. इंग्रजीची तारीख घेतेय.