काळे लोकच खरे इस्राएली होते का? मावसभावाशी वाद चाललाय, कोणी नीट समजावून सांगेल का

जालन्याचा_पोरगा

सर्वांना सलाम. मी जालन्याचा, नोकरीमुळं पुण्यात असतो. पोस्ट लांब होणारय, सांभाळून घ्या.

आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती. माझा मावसभाऊ बदनापूरला असतो, २३ वर्षांचा, बी फार्म झालंय पण नोकरी नाही. पाच-सहा महिने झाले तो अमेरिकेतल्या स्वतःला हिब्रू इस्राएली म्हणवणाऱ्या काळ्या लोकांचे व्हिडिओ बघायलाय. ते लोक चौकात उभं राहून मोठमोठ्यानं बायबल वाचतात आणि म्हणतात की खरे इस्राएली आम्हीच, ज्यांना गुलाम करून नेलं ते, आजचे ज्यू सगळे नकली. त्यांचा एक तक्ता असतोय बायबलमधल्या इस्राएलच्या बारा वंशांचा, यहूदा म्हणजे अमेरिकेतले काळे, बन्यामीन म्हणजे जमैकाकडचे, लेवी म्हणजे हैतीचे, असं. भावानं तो तक्ता मोबाइलला वॉलपेपर लावलाय.

त्याचा मुख्य पुरावा बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय, त्यातलं ६८ वं वचन. देव तुम्हाला जहाजांतून परत मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये नेईल आणि तिथं तुम्ही शत्रूंपुढं दास-दासी म्हणून विकायला उभे राहाल असं आहे ते. तो मला विचारतो, दादा तूच सांग, जहाजात घालून कोण विकलं गेलं? मला उत्तर आलं नाही. आफ्रिकेतनं साधारण सव्वा कोटी माणसं जहाजात कोंबली आणि त्यातली पंधरा लाखांच्या वर दर्यातच मेली हे मी पण वाचलेलं आहे, मग काय बोलणार.

इथपर्यंत पण ठीक होतं. गेल्या रविवारी जेवताना तो म्हणाला आपण पण त्यातलेच असू, आपल्याला पण गावाबाहेर ठेवलं, आपला पण त्या बारांपैकी एखादा हरवलेला वंश असणार. मावशी ताटावरच रडायला लागली, तिला वाटलं पोरगं चर्चची मंडळी सोडून चाललं.

खरं सांगतो, मला राग आला आणि त्याच वेळी त्याचं दुखणं कळलं पण. आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा १९०० च्या आसपासच्या दुष्काळात झाला. जुनी वही मी स्वतः बघितलीय. नाव अब्राहाम, बायबलमध्ये इस्राएलींचा जो मूळपुरुष त्याचंच, वय अंदाजे ३०, गावाचं नाव. बापाच्या नावाच्या रकान्यात नुसती रेघ. आधीचं नाव पण नाही. त्यामुळं आमचं घराणं अब्राहामापासून सुरू होतं हे घरात सगळे हसत सांगायचे, आता ते हसू येत नाही.

तर ह्या दाव्यात खरं किती, आणि त्याच्याशी बोलू कसं?

अंबाजोगाईची_ताई

भाऊ, मी २६ वर्षं संडे स्कूल घेते. आधी ते वचन पूर्ण वाचून दाखव त्याला. विकायला उभे राहाल, आणि त्याच्याच पुढं लिहिलंय की पण कोणी विकत घेणार नाही. अमेरिकेत, ब्राझीलमध्ये तर विकत घेणाऱ्यांची कमी नव्हती, बाजार भरायचे. ते लोक ह्यावर म्हणतात की घेणं म्हणजे सोडवणं, आणि मिसर म्हणजे मिसर देश नाही, कुठलंही दास्याचं घर. बरं, पण मग जहाज तेवढं खरोखरचं जहाज आणि बाकी सगळे शब्द लाक्षणिक, हे कसं? त्याला शांतपणे एवढंच विचार.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. काळ्या माणसाला बायबलमध्ये जागा नाही असं ज्यांनी शिकवलं ते आधीचे खोटारडे आहेत. उत्पत्ति ९ काढून गुलामांचे मालक सांगायचे की काळे हे नोहाचा मुलगा हाम याचे शापित वंशज. अध्याय उघडून बघा, शाप हामाचा मुलगा कनान याला आहे, हामाला नाही, आणि रंगाचा तर शब्दसुद्धा नाही तिथं. गणना १२ मध्ये मोशेची, म्हणजे इस्राएलींना मिसराच्या गुलामीतून बाहेर नेणाऱ्याची बायको कूशी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडची, आजच्या सुदानकडची. तिच्यावरून मोशेची बहीण मिर्याम त्याच्याविरुद्ध बोलली तेव्हा देवानं कोणाला शिक्षा केली? मिर्यामला. कोड भरून बर्फासारखी पांढरी झाली. मी हा अध्याय मुलींना दरवर्षी शिकवते, कारण आपल्याकडं सावळ्या पोरीला लग्नाच्या बाजारात काय काय ऐकावं लागतं ते मला माहिती आहे.

आणि मिसरातून जे निघाले त्यात मिश्र समुदाय होता, निर्गम १२:३८. इस्राएलचा राजा दावीद, त्याची पणजी रूथ, ती मवाबी, म्हणजे परक्या लोकांतली. रक्त शुद्ध ठेवायचंच म्हटलं तर दावीदच बाहेर पडतो. मत्तय ३ मध्ये बाप्तिस्मा देणारा योहान म्हणतो की अब्राहाम आमचा बाप आहे म्हणून मिरवू नका, देव ह्या दगडांतून अब्राहामाला लेकरं उभी करू शकतो. तुमच्या पणजोबांना ते नाव कोणी दिलं माहीत नाही, पण देणाऱ्याच्या मनात हे वचन असू शकेल.

परतूर_७७

एवढं कशाला खोलात जाताय. सगळं बनावट आहे. मोबाइल काढून घ्या पोराचा आणि कामाला लावा.

अंबाजोगाईची_ताई

२३ वर्षांच्या माणसाचा मोबाइल काढून घेत नसतात दादा. प्रश्न त्याचा खरा आहे, उत्तर चुकीच्या ठिकाणी मिळायलंय.

खुलताबादचा_मास्तर

इतिहास शिकवतो म्हणून लिहितो, थोडं सविस्तर.

अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपली १८६५ ला. त्यानंतर वीस-तीस वर्षांत हे पंथ निघाले. फ्रँक चेरी नावाच्या माणसानं १८८६ मध्ये टेनेसीत चॅटानुगाला, विल्यम क्राउडी यानं १८९६ मध्ये कॅन्ससमध्ये. काळ लक्षात घ्या. नाव मालकानं दिलेलं, आडनाव मालकाचं, भाषा गेली, आई एका शेतावर आणि लेकरू दुसऱ्या राज्यात विकलेलं. हातात एकच पुस्तक, त्यात गुलामांना देव सोडवून नेतो अशी गोष्ट. त्यांनी ती गोष्ट आपली मानली, गाण्यांत घेतली, गुलामांना पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमनला मोशे म्हणायला लागले. ही गोष्ट आपल्यासारखी आहे म्हणणं आणि ही गोष्ट रक्तानं आपलीच आहे, दुसऱ्या कोणाची नाही म्हणणं, ह्यात जी पायरी आहे ती काहींनी ओलांडली. तुमचा भाऊ आत्ता नेमका त्या पायरीवर उभा आहे.

रक्ताचं म्हणाल तर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा डीएनए मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला निघतो, सेनेगलपासून अंगोलापर्यंतचा पट्टा, शिवाय मालकांच्या जबरदस्तीमुळं बऱ्यापैकी युरोपीय अंश. इस्राएलमध्ये सापडलेल्या कनानी काळाच्या सांगाड्यांचा डीएनए २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आजचे बहुतेक ज्यू समाज आणि तिथले अरब, दोघांचंही नातं त्या जुन्या लोकांशी दिसतं. म्हणजे आजचे ज्यू नकली हे टिकत नाही. आणि हरवलेला वंश आम्हीच हा दावा फक्त काळ्यांनी केला असं पण नाही बरं का, एकोणिसाव्या शतकात गोरे इंग्रज पण म्हणायचे बारांपैकी हरवलेले दहा वंश ते आम्हीच, त्यांचा पण तक्ता होता.

पण उलटं पण खोटं, की काळा माणूस इस्राएली असूच शकत नाही. इथिओपियातले बेटा इस्राएल नावाचे लोक शतकानुशतकं शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा पाळत आले, १९७५ ला इस्राएलनं त्यांना ज्यू म्हणून मान्यता दिली, १९९१ मध्ये ३६ तासांत १४,००० हून जास्त माणसं विमानानं नेली. झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेत लेंबा लोक आहेत, त्यांच्या एका कुळातल्या पुरुषांत ज्यू पुरोहितांमध्ये डीएनएचा जो वारसा जास्त आढळतो तोच सापडला. आणि हिब्रू इस्राएलींमधले पण सगळे चौकात ओरडणारे नाहीत. त्यांच्यातले एक पुढारी शिकागोचे बेन अम्मी, त्यांच्यासोबत लोक १९६७ मध्ये आधी लायबेरियात आणि १९६९ पासून इस्राएलमधल्या डिमोना गावात जाऊन राहिले. शाकाहारी, दूधसुद्धा नाही, स्वतःची शिस्त, २००३ मध्ये त्यांना कायम रहिवासाचा हक्क मिळाला. त्याच विचारांच्या दुसऱ्या टोकाला ओढल्या गेलेल्या दोघांनी २०१९ मध्ये जर्सी सिटीत एका ज्यू दुकानात गोळीबार करून माणसं मारली. भावाला हे सांगा. नकली म्हणण्यापासून सुरुवात होते, पुढं काय होतं ते बघा.

सावळा_परभणीकर

मास्तर तुमचं सगळं मान्य पण एक विचारू का. आमच्या घरी भिंतीवर येशूचा फोटो आहे, निळे डोळे, सोनेरी केस. माझ्या आजीच्या घरी तोच, चर्चमध्ये तोच. नाझरेथचा सुतार असा दिसत होता असं कोणी म्हणेल का? आयुष्यभर गोऱ्या देवापुढं गुडघे टेकलेल्या काळ्या माणसाला जर कोणी सांगितलं की तो तुझ्यासारखा होता, तर त्याला रडू येणारच. मी पण ते व्हिडिओ बघितलेत आणि मला पण आलं. ज्यूंना शिव्या देतात तिथं मी बंद करतो. पण पहिला खोटा फोटो कोणी लावला ते पण बोला.

खुलताबादचा_मास्तर

बरोबर बोललात. तो फोटो युरोपचा आहे, गालीलचा नाही. येशू पश्चिम आशियातला ज्यू माणूस, आपल्यातल्या कित्येकांच्या रंगाजवळचाच असणार. तो फोटो चुकीचाच आहे, ह्यावर माझं काही दुमत नाही.

गोदाकाठ_नांदेड

जय भीम. मी ख्रिस्ती नाही पण ती वहीतली रेघ वाचून राहवलं नाही. आमच्या घरात पण पणजोबाच्या वर नाव माहीत नाही. वतनाची कागदपत्रं ज्यांची होती त्यांना सात-सात पिढ्या पाठ, आमच्याकडं कोण लिहून ठेवणार.

काळ्या लोकांच्या आणि आपल्या दुखण्याचं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. दलित पँथर १९७२ ला निघाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं ते सगळ्यांना माहिती आहे. म्हणजे तुझ्या भावाला त्यांच्यात आपलं दिसतंय यात काही चूक नाही, हे त्याला आधी सांग, चूक आहे म्हणत सुरुवात करू नको.

पण बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात काय केलं ते बघ. अस्पृश्य म्हणजे वेगळ्या वंशाचे लोक हा सिद्धांत त्यांनी तपासला, नाकाडोळ्यांची मापं सुद्धा घेतली विचारात, आणि म्हणाले की वंश वेगळा नाही. किती सोपं होतं म्हणणं की आमचं रक्तच निराळं आणि भारी. नाही म्हणाले. नागपूरला १९५६ मध्ये त्यांनी नाग लोकांची आठवण काढली हे खरं, माणसाला मुळाची ओढ असतेच, त्यांना पण होती. तरी दीक्षा घेताना कोणाला वंशावळ मागितली नाही. माझे आजोबा धर्माबादहून गेले होते, ते सांगायचे की आम्ही परत आलो ते नवी माणसं होऊन. मला ह्या वाक्याचा आजही आधार वाटतो.

लातूर_टू_अलिबाग

सात वर्षं अलिबागला नोकरी केली म्हणून एक गोष्ट टाकतो, मराठी बोलणारे इस्राएली आपल्याच महाराष्ट्रात आहेत हे इकडं मराठवाड्यात बऱ्याच जणांना माहीत नसतं. बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावात शनवार तेली. आडनावं किहीमकर, पेणकर, सगळी गावांवरून. बायबलमधल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं केलीत त्यांनी.

आता ऐका. ह्या समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या बाईपासून झालेली लेकरं ती काळी, त्यांच्याशी सोयरीक नाही. आणि तेच गोरे जेव्हा इस्राएल देशात गेले तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्याच शुद्धतेवर शंका घेतली, त्यांच्या लग्नांना अडथळे आणले, आंदोलन करावं लागलं, १९६४ ला पूर्ण मान्यता मिळाली. २०१६ मध्ये त्यांचा डीएनए तपासला तर ज्यू आणि भारतीय दोन्ही अंश निघाले. कोकणात जे दुसऱ्याला कमी म्हणत होते त्यांना जेरुसलेममध्ये तेच ऐकावं लागलं. रक्ताची परीक्षा सुरू झाली की ती कोणावर थांबेल सांगता येत नाही.

खुलताबादचा_मास्तर

वा, हे छान आठवण केली. मग मी पण आमच्या गावातलं सांगतो, मघाशी राहूनच गेलं. काळ्या माणसाचा मोठेपणा बघायला अमेरिकेपर्यंत कामून जायचं? मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, मूळ नाव चापू, अंबर हे मालकानं दिलेलं. त्या माणसानं निजामशाहीचा वारस परांड्याला गादीवर बसवून मोडलेलं राज्य उभं केलं, मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनेत अडवलं, १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर, आणि जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी पाजलं. १६२६ ला गेला, कबर इथं खुलताबादेत आहे. मी दरवर्षी पोरांना घेऊन जातो. त्याच्या बापाचं नाव मी कधी कुठं वाचलेलं नाही.

जालन्याचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला व्हिडिओ कॉल केला. आधी गोदाकाठ भाऊंनी सांगितलं तसं म्हणालो की तुला त्यांच्यात आपलं दिसतं ते चुकीचं नाही. तो एकदम गप झाला, वाद घालायच्या तयारीत बसला होता बहुतेक. मग ताईंचा गणना १२ वाचला. कोडाच्या जागी आल्यावर म्हणाला परत वाच. ६८ व्या वचनावर मात्र ऐकत नाही अजून, म्हणतो विकत घेणार नाही म्हणजे सोडवायला कोणी येणार नाही, मी त्याचा अभ्यास करतो आणि सांगतो. करू दे. तक्ता वॉलपेपरवर आहेच, मी काढ म्हणालो नाही. जर्सी सिटीचं त्याला माहीतच नव्हतं.

शेवटी म्हणाला दादा, ती वही मला पण दाखव. मला इतकी वर्षं सुचलंच नव्हतं त्याला घेऊन जायचं. पुढच्या शनिवारी जालन्याला येतोय मी, वही बघणार दोघं, आणि रविवारी उपासना झाली की खुलताबादला यायचा विचार आहे. मास्तर, दुपारी दोन-अडीचपर्यंत पोचलो तर चालेल का? मावशी पण येते म्हणायलीय.

खुलताबादचा_मास्तर

या की. बसस्टँडला उतरलात की इथंच मेसेज टाका, मी घ्यायला येतो. कबरीपर्यंत थोडं चालावं लागतंय, मावशींना ऊन लागेल, डोक्याला काहीतरी आणायला सांगा.