प्रतिसाद: मिनिएचरसाठी छोटा कॉम्प्रेसर

मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) रंगवायला कोणता छोटा कॉम्प्रेसर (हवा दाबून देणारं यंत्र) घ्यावा, या प्रश्नावर बॅटरीवर चालणारा, एअरब्रशलाच जोडलेला कॉम्प्रेसर सुचवलाय. बेसकोटला, म्हणजे रंगाच्या पहिल्या थराला, तो चालेल, पण बारीक कामाला माझा विरोध आहे. मिनिएचरवर साधारण १५ ते २५ पीएसआय (दाबाचं एकक) दाब लागतो, बारीक रेषांना त्याहूनही कमी, आणि तोही स्थिर! त्या छोट्या यंत्रात हवा साठवणारी टाकी नसते, त्यामुळे हवा धक्क्याधक्क्याने येते. बऱ्याच मॉडेलांत दाब हवा तसा कमीही करता येत नाही. शिवाय मोटरचं वजन हातावर येतं, ते वेगळंच.

जागा कमी असेल तरी छोट्या टाकीचा पिस्टन कॉम्प्रेसर बघा. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, आवाजही तेवढाच कमी. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप मात्र हवाच, नाहीतर दमट हवेत रंगावर पाण्याचे थेंब उडतात.