‘संरेखन’ नको, तर मग काय?

नमस्कार मंडळी. आमच्या कारखान्याच्या धोरणाचं मराठीकरण माझ्याकडे आलंय. ‘टॅलेंट डेव्हलपमेंट कंपनीच्या व्हिजन आणि कल्चरशी अलाइन करणे’ या ओळीवर अडलेय. जुन्या मसुद्यात आहे : ‘प्रतिभा विकासाचे कंपनीच्या दृष्टी व संस्कृतीशी संरेखन’. हे फलकावर लागणार, वाचणार लेथवरची आणि फाउंड्रीतली माणसं.

— ताई, आधी ‘प्रतिभा’ काढा. संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताची व्याख्या आहे, ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’. सतत नवं सुचणारी बुद्धी प्रशिक्षणवर्गातून कशी येणार? मम्मट हा दुसरा काव्यशास्त्रकार ‘काव्यप्रकाशा’त काव्य कशातून घडतं ते सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास असं वेगळं सांगतो. शक्ती उपजत, निपुणता लोकव्यवहार आणि शास्त्रं पाहून येते, अभ्यास जाणकाराच्या हाताखाली होतो. कंपनीच्या हाती फार तर शेवटचे दोन. पण तिन्ही मिळून एकच हेतू, म्हणजे एकच कारण, असंही तो बजावतो. म्हणजे माणसाचा मूळ कल न बघता नुसते वर्ग भरवले तर काही उगवायचं नाही. मी ‘अंगचे गुण’ किंवा ‘कसब’ लिहीन.

— कसब उत्तम. कल्चरला ‘वळण’ घ्या. ‘त्या खात्याचं वळणच वेगळं’ हे कुणालाही कळतं.

— मी फिटर आहे. आमच्यात अलाइनमेंट म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणं. पंप सहसा जागचा हलवत नाहीत. मोटरीच्या पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्या, घालून तीच सरकवतात. या ओळीत पंप कंपनी आणि मोटर कामगार, असंच मी वाचलं. एकट्या कामगारानं सरकायचं नसेल तर ‘मेळ’ लिहा. मेळ दोघांनी घालायचा असतो.

— दादा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘मेळ’ नक्की. ‘वळण’ मात्र नको वाटतं. वळण पोरांना लावतात, वीस वर्षं साचे भरणाऱ्याला नाही. ‘रीत’ घेते. तर : ‘प्रत्येकाच्या अंगचं कसब वाढावं आणि त्याचा कंपनीच्या ध्येयाशी व इथल्या कामाच्या रीतीशी मेळ बसावा.’

— ‘बसावा’ म्हटलं की तो आपोआप बसेलसं वाटतं. ‘आपण मिळून मेळ घालू’ करा.