कुरळे केस तसेच ठेवायचेत, पण लग्नघर ऐकेना

लातूरकरीण:
माझे केस आजीसारखेच कुरळे अन् दाट. मे महिन्यात भावाचं लग्न, अन् घरातल्या सगळ्याजणी म्हणायल्यात, "पार्लरात जाऊन सरळ करून घे, फोटोत झिंज्या दिसतात." मला नाही करायचे. पण आमच्याकडं बोअरचं पाणी. धुतले की राठ होतात, पिंजारतात. मग धीर खचतो. कुणी लग्नात असेच मोकळे सोडलेत का?

परभणीची मावशी:
अगं, खुशाल सोड! केस ज्या पिशवीतून उगवतो, ती वाकडी असली की तो कुरळाच येतो. त्यात बिघडलेलं काही नाही. टाळूचं तेल त्या वळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून कोरडे पडतात. वर बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसांवर बसतं. शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घे. रुंद दातांचा कंगवा ओल्या केसांतच फिरव. टॉवेलनं खसाखसा पुसू नको, जुन्या सुती ओढणीत दाबून पाणी टिपून घे. वाळल्यावर कंगवा अजिबात नको, बटा फुटतात. माझ्या लेकीचे असेच आहेत, फार गोड दिसते ती.

नांदेडची:
केस सरळ करायच्या काही औषधांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा विषारी वायू निघतो, डोळे चुरचुरतात. अन् मुळातून येणारे नवे केस परत कुरळेच!

लातूरकरीण:
मावशी, आरओ घरात आहेच, रविवारी करून बघते. मोकळ्या केसांत गजरा टिकेल का?

परभणीची मावशी:
कानामागं एका बाजूला माळ, दोन काटे लाव. कुरळ्यात तर घट्ट बसतो.